छातीतला फुटका धुरा

रोवणी करणारी बाई उलटी चालते. हे ज्याले माहीत नाई त्याले माहं पुढचं समजणार नाई, म्हून पयले हेच सांगते.

धान पयले एका कोपऱ्यात दाट पेरते. उगवलं का त्याले आमी पऱ्हे म्हणतो. पऱ्हे मोठे झाले का उपटाचे, पेंढ्या बांधाच्या, अन् चिखल केलेल्या बांधीत फेकाच्या. बांधी म्हणजे धानाचं वावर. चारी बाजूनं मातीचा धुरा, मंधात पाणी. मंग बाया रांगेनं वाकून उभ्या राहते. डाव्या हातात पेंढी, उजव्या हातानं दोन-तीन काड्या सोडवाच्या, अंगठ्यानं चिखलात खुपसाच्या, अन् एक पाऊल मागं. पुन्हा काड्या, पुन्हा मागं. रोवलेलं डोळ्यासमोर राहते अन् चिखल पाठीमागं.

त्याच्यात गंमत अशी का जी बाई हळू आहे ती मागं पडत नाई, ती पुढं राहून जाते. बाकीच्या सरकत सरकत निघून जाते. दोन्ही बाजूले त्याईचं धान उभं होते, अन् मंग त्या तिच्या पाठीमागच्या जागेत बी रोवून आपल्या रांगा जोडून टाकते. ती मंधात एकटी. चारी बाजूनं हिरवं, निघाले जागा नाई. आमच्या टोळीत तवा एकच ओरडा होते, "कोंडली वं, कोंडली!" अन् सगळ्या कंबर सरळ करून हासून घेते. हासण्याच्या निमतानं कंबरेले आराम भेटते, म्हून कोणी ना कोणी कोंडलीच पायजे.

मी लग्न होऊन या गावात आली तवापासून ते कोणी म्हणजे मीच होती.

आमच्या मंडळाचा दसऱ्याचा अंक निघते. शाळेतल्या बाई म्हणे, तू तुह्या कामाचं लिहून दे. मी म्हटलं, बाई, मी आठवीत शाळा सोडली, माह्याच्यानं काय लिहिणं होते. त्या म्हणे, बोलते तसं लिही. तं बोलते तसं लिहून राह्यली.

आमचं गाव ब्रह्मपुरीच्या इकडं, जीपनं जावं लागते. इकडं धान सोडून दुसरं काई नाई. पावसाचं पाणी लागलं का घरात बाई भेटत नाई, सगळ्या बांधीत. आमच्या टोळीची मोठी बाई कौसाबाई. तिचा आवाज या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर जाते. नवीन पोरगी आली का कौसाबाई तिच्या रांगेतलं एक रोप धरते अन् हळूच ओढते. निघून आलं तं म्हणते, "हे रोवलं नाई वं, हे ठेवलं. पुन्हा लाव." नाई निघालं तं काईच म्हणत नाई. तेच तिचं शाबास.

मालक बी एकेक नमुने. एकजण दोरी बांधून रांग सरळ पाहते. एकजण मोबाईलवर गाणे लावून देते अन् सोताच झोपी जाते. अन् एकजण आहे त्याले आमी छत्रीवाला म्हणतो. पाणी असो नाई तं ऊन असो, तो दिवसभर काळी छत्री घेऊन धुऱ्यावर उभा. बोलत काईच नाई. कोणाची कंबर जरा सरळ झाली का छत्री तिच्याकडं वळते. त्याच्या बांधीत मले सगळ्यात जास्त भेव वाटे, कारण माही कंबर घडीघडी सरळ होये.

मले दम लागे. लहानपणापासूनच. सायकलनं शाळेत जाताना पोरी पुढं निघून जाये अन् मी रस्त्यावर उतरून सायकल ढकलत जाये. हरेक हिवाळ्यात छाती भरे. घरचे म्हणे, नाजूक आहे. सासरी नाजूक हा शब्द चालत नाई, तिथी त्याले आळशी म्हणते. माही सासू, शेवंताबाई, साऱ्या टोळीत तिच्यासारखा हात कोणाचा नाई. तिचा अंगठा चिखलात गेलेला दिसत नाई, रोप उभं राह्यलेलंच दिसते. अन् तिची सून कोंडलेली.

"काय वं वंदना, चिखलात घर बांधून राह्यली का?" कौसाबाई ओरडे.

"बांधू दे वं, आमचं घर तसंबी गळते," सासू म्हणे. सगळ्या हासे. पण घरी गेल्यावर सासू बोलत नसे. तिले लाज वाटे, मले समजे.

मंग पोट राह्यलं. शेवटच्या महिन्यात चूल ते हंडा एवढं चालली तरी छाती अशी धडधड करे का लुगड्याच्या वरून दिसे. पोरगी झाली, समीक्षा. पोरगी चांगली, पण माहा दम काई परत आला नाई. तिले दूध पाजताना मीच धापा टाकत होती. रात्रंदिवस एकच भेव, का मी मेली तं या पोरीचं काय.

गावची आशा आहे, रंजनाताई. आशा म्हणजे दवाखान्याची गावातली बाई, बाळंतिणी पाहते, गोळ्या देते. ती मले म्हणे, "हा अशक्तपणा नोहे वं. चाल माह्यासंग." तिनं मले सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डाक्टरीणबाईनं छातीले नळी लावली, पाठीले लावली, पुन्हा छातीले लावली, अन् नागपूरले पाठवलं. नागपूरले छातीची सोनोग्राफी केली. टीव्हीसारख्या पडद्यावर माहं काळीज हालून राह्यलं होतं. तिथला डाक्टर, जवान पोरगा, म्हणे, "तुमच्या हृदयात मधल्या पडद्याला जन्मापासून छिद्र आहे. बंद करावं लागेल. लहानसं ऑपरेशन आहे."

एवढंच ऐकून आमी परत आलो. घरी माह्या नवऱ्यानं, प्रमोदनं, सासूले सांगतलं, "माय, वंदनाचं ऑपरेशन कराचं आहे."

सासूच्या हातातलं सूप खाली आलं.

आता शहरातल्या माणसाले सांगते. आमच्या गावात ऑपरेशन म्हटलं का एकच. अपेंडिक्सचं असलं तं अपेंडिक्स म्हणते, डोळ्याचं असलं तं मोतीबिंदू म्हणते. नुसतं ऑपरेशन म्हणजे लेकरं बंद कराचं. "फलाणीचं ऑपरेशन झालं का?" "झालं." बस, संपली गोष्ट.

"एका पोरीवर ऑपरेशन?" सासू म्हणे. "कोण म्हणते?"

"ते नाई माय, काळजाचं."

"काळजाचं कुठी करते? कोणाचं झालं आपल्या गावात?"

प्रमोदले बी धड समजलं नव्हतं. त्यानं रंजनाताईले बलावलं. रंजनाताईनं चांगलं समजावलं, पण समजावता समजावता म्हणे, "अव बुढे, छाती बी नाई फाडत आता. जांघेतून नळी घालते, काम करून काढून घेते."

जांघ म्हटल्यावर सासू उठूनच उभी राह्यली. "पाह्य! मी म्हणत नव्हती? काळीज छातीत, अन् हे कंबरेखाली काय शोधते? तू आशाबाई आहे, तुहं कामच ते आहे. माह्या सुनेले हात लावाचा नाई."

मले सासूचा राग आला नाई, कारण मले तिची गोष्ट माहीत होती. तिले दोन पोरं होते. दोन झाल्यावर तिनं सोताच्या मनानं ऑपरेशन केलं, कोणी जबरदस्ती नाई केली. मंग धाकटा तापानं गेला. पाच-सहा सालाचा होता. तवापासून तिले ऑपरेशन म्हटलं का तो पोरगा दिसे. ती ते कधी बोलत नाई. विहारात बुद्धवंदना झाली का सगळे उठते, ती जरा वेळ बसून राहते, तेवढंच.

अन् खरं सांगू, मले बी भेव वाटत होतं. जांघेतून काळजापर्यंत नळी जाते कशी? मंधात पोट आहे, आतडे आहे. मले वाटे, सासूच बरोबर असन तं? पण पोरीले कडेवर घेऊन तीन घरं चालली का डोळ्यापुढं अंधारी येये. तिले खाली ठेवून मी भिताडाले टेकून बसे अन् ती माह्या तोंडाकडं पाहे.

शेवटी प्रमोद म्हणे, "माय, तूच चाल नागपूरले. बायाईच्या वार्डात बाईच लागते. तूच पाय सोताच्या डोळ्यानं." पोरीले माह्या मायजवळ ठेवलं अन् आमी तिघं निघालो, प्रमोद वार्डाच्या बाहेर थांबाले. बसमंदी सासू खिडकीजवळ बसली. साऱ्या रस्त्यानं एकच बोलली, "तिथी कुठी अंगठा लावाचा नाई मले इचारल्याशिवाय."

दवाखान्यात तोच जवान डाक्टर आला. त्याच्या हातात एक नमुना होता. बारीक तारेची जाळी, दोन चकत्या, मंधात जोड. म्हणे, "ही छत्री. घडी करून नळीतून आत नेतो आणि छिद्राजवळ उघडतो. एक चकती पडद्याच्या या बाजूला, एक त्या बाजूला."

छत्री म्हटल्यावर माह्या डोळ्यासमोर तो छत्रीवाला मालकच आला. तो माह्या काळजात उभा राहीन, दिवसभर, न बोलता. मले हासू आलं अन् हासल्यानं दम लागला.

सासू हासली नाई. "बापू," ती डाक्टरले म्हणे, "खरं खरं सांग. तुही बी माय असन. हे लेकरं बंद कराचं ऑपरेशन आहे का नाई?"

डाक्टरले समजलंच नाई. "कोणाची लेकरं?"

"हिचे."

"नाही हो मावशी! हे हृदयाचं आहे."

"मंग जांघेतून काऊन?"

डाक्टर सांगाले लागला, नस अशी जाते, रक्त असं येते, डावा कप्पा, उजवा कप्पा. सासू म्हणे, "चाल वं वंदना, उठ. चप्पल घाल." अन् माहं बखोट धरलं. मी खाटेवरून पाय खाली सोडले. माहं मन दोन्हीकडं होतं. डाक्टरचं वाईट वाटे, सासूचं भेव वाटे, अन् पोरगी आठवे. माह्या तोंडातून एवढंच निघालं, "माय, मले जगाचं आहे वं."

सासूनं बखोट सोडलं नाई, पण ओढलं बी नाई.

तो डाक्टर चांगला होता. त्यानं आमाले दोघीले सोनोग्राफीच्या खोलीत नेलं. मले झोपवलं, मशीन लावली, अन् सासूले पडद्यासमोर स्टूल दिलं. म्हणे, "मावशी, तुम्हीच बघा. ही मधली भिंत. इथे भिंत नाही. हा रंग बघा, रक्त इकडून तिकडे चाललंय. जायला नको तिकडे."

सासू वाकून पाहत राह्यली. मले तिचं तोंड दिसत होतं, पडद्याच्या उजेडात निळं-लाल. मंग तिनं बोट लावलं.

"हे तं धुरा फुटला आहे," ती म्हणे.

"काय?"

"वरच्या बांधीचं पाणी खालच्या बांधीत चाललं. खालची फुगली, वरची कोरडी. मंग धान कसं होईन?" अन् माह्याकडं वळून म्हणे, "म्हून तू कोंडत होती का वं?"

मी नुसती मान हालवली. मशीनची नळी छातीवर होती.

डाक्टर म्हणे, "अगदी तसंच. आणि खालची बांधी इतकी वर्षं जास्तीचं पाणी झेलून मोठी झाली आहे. आता नाही बुजवलं तर पुढे बुजवता येणार नाही."

"अन् तू नालीतून जाऊन बुजवतो?"

"पाणी जिथून येतं तिथूनच जातो, मावशी. जांघेतली नस सरळ हृदयात उघडते."

आमच्याकडं धुरा फुटला का कोणी इचारत बसत नाई, तिथीच वाकून मातीचा लोंदा मारते. सासू म्हणे, "बुजव. पण पोटाले हात लावला तं पाय बापू. मी बाहेर बसली आहे."

डाक्टरनं अजून एक गोष्ट सांगतली, ती ऐकून मले पुन्हा भेव वाटलं. छत्री बसाले भोकाच्या भवताल चांगली कड लागते. कड नसन तं छत्री धरत नाई, मंग छाती उघडूनच शिवावं लागते. तोंडातून एक दुर्बीण घालून ते पाहते, पण त्याच्यासाठी झोपेचं औषध द्यावं लागते. म्हणजे काय झालं हे मले उठल्यावरच समजणार. सासू म्हणे, "बरोबर आहे. धुऱ्याची माती दोन्हीकडून सडली असन तं लोंदा वाहून जाते." तिले आता सारंच समजत होतं, अन् मले काईच नाई.

आत नेलं ती खोली लय थंडी. वर मोठे दिवे, चारीकडं हिरव्या कपड्यातले माणसं, तोंडं बांधलेले. मी मंधात. मले वाटलं, इथी बी कोंडलीच. सिस्टर म्हणे, "नाव काय बाळाचं?" मी म्हटलं, "समी..." अन् पुढचं काई आठवत नाई.

उठली तवा घसा सोललेला होता. पयले हात छातीवर नेला. पट्टी नव्हती. टाके नव्हते. लुगडं नाई, दवाखान्याचा झगा, अन् खाली माही तीच छाती. मी रडाले लागली. सिस्टर म्हणे, "दुखतंय का?" मी म्हटलं, "नाई, उघडली नाई."

तेवढ्यात सासू आली. तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं नाई, छातीकडं बी पाह्यलं नाई. सरळ झगा वर करून पोट पाह्यलं. बेंबीजवळ हात फिरवला. कुठी टाका नाई. मंगच ती माह्या डोक्याजवळ आली अन् केस मागं केले.

उजव्या जांघेवर रेतीची पिशवी ठेवली होती. पाय हालवाचा नाई म्हणे. ज्या बाईचा जलम एकेक पाऊल मागं टाकण्यात गेला तिले पाय न हालवणं मोठं कठीण काम आहे. डाक्टर आला अन् म्हणे, "छान बसली छत्री. सोडण्याआधी ओढून बघतो आम्ही, हलते का. नाही हलली."

सासू माह्याकडं पाहून म्हणे, "कौसाबाईसारखंच."

इथपर्यंत सारं चांगलं झालं. पण सुट्टी देताना सिस्टरनं गोळ्या समजावल्या, वजन उचलाचं नाई ते सांगतलं, अन् शेवटी म्हणे, "आणि सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत."

सासूनं पिशवी खाली ठेवली.

"काय म्हणे?"

"मावशी, रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत. तोवर गरोदर राहायचं नाही."

"सहा महिने," सासू म्हणे. "मंग म्हणान, अजून सहा. मंग म्हणान, आता होतच नाई." सिस्टरनं लय समजावलं. डाक्टर दुसऱ्या पेशंटजवळ आत होता. येताना सासू बसमंदी दुसऱ्या सीटवर बसली.

गावात तं अजून मजा. बाया पाहाले आल्या. "दाखव ना वं, कुठी कापलं?" मी म्हटलं, कापलं नाई. "कापलं नाई तं केलं काय?" जांघेत सुई टोचल्यासारखी खूण होती, ती कोणाले दाखवू? एकजण म्हणे, नागपूरवाल्यानं फसवलं. दुसरी हळूच म्हणे, बुढी म्हणत होती तेच झालं. अन् सासू, जिनं सोताच्या बोटानं फुटका धुरा दाखवला होता, ती चुलीजवळ बसून काईच बोलत नव्हती. ना हो म्हणे, ना नाई म्हणे. तिच्या मनात दोन्ही गोष्टी होत्या. मले तिचं चूप बसणं बायाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागे.

मी गोळ्या खाल्ल्या. पोरीले बी तपासाले नेलं, तिच्या काळजाची बी सोनोग्राफी झाली, तिचा धुरा साबूत आहे. माहा दम एकदम नाई गेला. कोणी बटन दाबल्यासारखं होत नाई ते. एक दिवस हापशीवरून हंडा आणला, अन् घरी आल्यावर ध्यानात आलं का मंधात टेकलीच नाई. एक दिवस पोरीच्या मागं कोंबडीसारखी धावली. मंग सहा महिने झाल्यावर पुन्हा तपासणी झाली, डाक्टर म्हणे, "उजवी बाजू आकसत आली. सगळी कामं करा."

पाणी लागलं. पयला नंबर छत्रीवाल्याच्याच बांधीचा. तो धुऱ्यावर उभा, छत्री घेऊन. मी मनातल्या मनात म्हटलं, उभा राय, एक माह्या आत बी आहे.

रांग लागली. एका बाजूले कौसाबाई, मंधात सासू, अन् सासूच्या दुसऱ्या बाजूले मी. मले वाटते, कौसाबाईनं मुद्दाम तसं उभं केलं. मी वाकली अन् खाली पाहूनच रोवत राह्यली. इकडं तिकडं पाहण्याचं भेव होतं. पाह्यलं अन् सगळ्या दूर निघून गेल्या असन तं? काड्या सोडवाच्या, अंगठा, पाऊल मागं. अंगठा, पाऊल मागं. श्वास येत होता, जात होता, त्याच्याकडं माहं ध्यानच नव्हतं. कोणीतरी गाणं सुरू केलं तं मी बी म्हटलं. आधी मी एक तं गाये, नाई तं रोवे.

मंग सासूचा आवाज आला, समोरून.

"वं! थांबा ना वं!"

मी मान वर केली. माही सासू समोर उभी होती, चिखलात. माही रांग अन् कौसाबाईची रांग तिच्या पाठीमागं कधीच जुळली होती. चारी बाजूनं हिरवं, मंधात शेवंताबाई, हातात अर्धी पेंढी.

कोणी ओरडलं नाई. ओरडाची हिंमत कोणाले? ओरडली ते सासूच.

"कोंडली वं कौसा! पाय, माह्या सुनेनं मले कोंडलं!" बाजूच्या बांधीतल्या बायाईले बी ऐकू जाईन असं ओरडली. मंग सगळ्या जे हासल्या, छत्रीवाल्याची छत्री बी वाकडी झाली.

सासू कंबरेवर हात ठेवून आमच्याकडं वळली होती. छाती खालीवर होऊन राह्यली होती.

"दम लागला का वं तुले?" तिनं मले इचारलं.

"नाई, माय."

"मले लागला," ती म्हणे. "नेजो मले बी त्या बापूजवळ. पण जांघेतून नाई हं."

रोवलेल्यावर पाय देऊन निघता येत नाई, रोप मरते. मी तिच्या अन् माह्या मंधातले माहे चार-दोन रोपं उपटले अन् तिले वाट करून दिली. ती माह्या खांद्याले धरून बाहेर आली, माह्या बाजूले उभी राह्यली अन् वाकली. उपटलेले रोपं माह्या हातातच होते. मी ते भोक पुन्हा रोवून बुजवलं, एक रोप हळूच ओढून पाह्यलं, अन् पाऊल मागं टाकलं.